दरडोई आणि दरघर यांची गल्लत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला श्रीमंत जिल्ह्यांचा तक्ता मुलाने मोबाइलवर दाखवला. मी सध्या त्याच्याकडेच, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, लाउडन काउंटीत ॲशबर्नला मुक्कामाला आहे. (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा.) म्हणजे तक्त्यात सगळ्यांत वर जी काउंटी आहे, तिथल्याच एका माडीवर बसून हे पत्र लिहितो आहे. लाउडनसमोर आपण वर्षाचे उत्पन्न १ लाख ७० हजार डॉलर छापलेत आणि खाली पुणे, सातारा, नंदुरबारचे आकडे डॉलरमध्ये करून मांडलेत. आपण मागे आहोत यात वाद नाही. पण हा तक्ता चुकीचा आहे, आणि पस्तीस वर्षे सांख्यिकी खात्यात दारोदार फॉर्म भरत हिंडलेल्या माणसाला ते पाहून गप्प बसवत नाही.

लाउडनचा आकडा अख्ख्या घराचा आहे, साताऱ्याचा एका डोईचा. लाउडनमध्ये घरटी साधारण तीन माणसे राहतात. नुसता तेवढा भागाकार केला असता तरी आपली दरी जवळजवळ तिपटीने कमी दिसली असती.

शिवाय इथला आकडा सरासरीचा नाही, मध्यकाचा आहे. काउंटीतली सगळी घरे उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी करायची आणि बरोबर मधल्या घराला विचारायचे, तुझे किती? रांगेत एखादा कुबेर येऊन उभा राहिला तरी मधले घर जेमतेम हलते. आपल्या राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न येते ते वेगळ्याच रस्त्याने. जिल्ह्याच्या हद्दीत वर्षभरात किती मूल्य निर्माण झाले त्याचा अंदाज करून त्याला लोकसंख्येने भागतात. बऱ्याच क्षेत्रांत तर राज्याचा आकडा जिल्ह्यांना वाटून दिलेला असतो. त्यात कुणाच्या घरात जाऊन कुणी विचारलेले नसते.

याने काय फरक पडतो ते मला इथे सकाळी फिरायला जाताना रोज दिसते. ॲशबर्न म्हणजे डेटा सेंटरचे, इंटरनेट चालवणाऱ्या संगणकांच्या कोठारांचे, आगर. खिडक्या नसलेल्या राखाडी पेट्या, आतून भुंग्यासारखा अखंड गुणगुणाट, आणि एवढ्या अवाढव्य इमारतीपुढे परवा मोजून अकरा गाड्या उभ्या. आपली पद्धत लावली तर आत तयार होणारे सगळे मूल्य लाउडनकरांच्या डोक्यावर वाटले जाईल. इथल्या पद्धतीत त्या अकरा गाडीवाल्यांचा पगार तेवढा धरतात, तोही ते लाउडनला राहत असतील तर. (यंत्रांवरच्या कराने काउंटीची तिजोरी भरते, ती गोष्ट निराळी.) आपल्याकडचेच पाहा. उरणच्या बंदराचे आणि नागोठण्याच्या कारखान्याचे मूल्य रायगडच्या खात्यात पडते, ते सुधागडच्या कातकरी वाडीत किती पोहोचते हे दरडोई आकडा सांगूच शकत नाही.

आपल्या तक्त्यात व्हर्जिनियाचे दुसरे टोक आलेच नाही. या राज्यात ९५ काउंट्या आणि काउंटीच्या बाहेरची ३८ स्वतंत्र शहरे आहेत. जुलैत आम्ही गाडीने दिवसभर प्रवास करून नैर्ऋत्येला, केंटकीच्या हद्दीला लागून असलेल्या बुकॅनन काउंटीत गेलो. तो कोळशाच्या खाणींचा मुलूख. मधल्या घराचे उत्पन्न चाळीस हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे एकाच राज्यात चौपट अंतर. ग्रंडी नावाच्या गावाचा बराच भाग पुरापायी डोंगर फोडून नदीपलीकडे हलवला आहे. तिथे पेट्रोल भरताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. खाणीतून निवृत्त झालेले; घरात दोघेच, मुले दूर शहरात. त्यांच्या घरात कमावते कुणी नाही, पेन्शनवर चालते. ॲशबर्नच्या घरात नवराबायको दोघेही कमावतात. उत्पन्नाच्या फरकात हा फरकही आला. आणि मुलाच्या टाउनहाउसच्या किमतीच्या आठव्या भागात तिकडे अख्खे घर येते, असे त्याने तिथेच फोनवर पाहून सांगितले. म्हणून बुकॅनन सुखी आहे असे मी म्हणत नाही. तिथे घर स्वस्त आहे, कारण तिथे जाऊन राहायला कुणी तयार नाही.

आकडे गोळा कसे होतात तेही पाहायला मिळाले. गेल्या महिन्यात जनगणना खात्याच्या वार्षिक सर्वेक्षणाचे पत्र मुलाच्या घरी आले. दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेला माणूस त्या घरात धरायचा, असा नियम. म्हणजे आम्ही दोघे लाउडनच्या घरात मोजलो गेलो! मुलगा विचारतो, "बाबा, तुमचं पेन्शन लिहायचं ना?" लिहायचेच. आपल्याकडे कुटुंब चुलीवरून ठरते. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. इथे दारावरून ठरते. एका दाराआड जे राहतात ते सगळे एक, मग ते वेगवेगळे का शिजवेनात.

लहान काउंट्यांचे आकडे पाच वर्षांचे फॉर्म एकत्र करून काढतात आणि आकडा किती इकडेतिकडे असू शकतो तेही शेजारी छापतात. याच राज्यातल्या हायलँड काउंटीची वस्ती सव्वादोन हजारांच्या घरात. आपल्या माण तालुक्यातली कित्येक गावे याहून मोठी. अशा ठिकाणी दोन-तीन हजार डॉलरच्या फरकावरून नंबर लावण्यात काही अर्थ नसतो.

आपल्याकडे उत्पन्न विचारण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीने १९८३-८४ मध्ये चाचणी घेतली होती. लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरले, आणि बेत बारगळला. मला नवल वाटत नाही. खटावच्या एका शेतकऱ्याला मी उत्पन्न विचारले, तर तो म्हणाला, "सायेब, कर्ज इचारा, ते तोंडपाठ हाय." आता केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये देशभर घरगुती उत्पन्नाची पाहणी जाहीर केली आहे. तिचे आकडे येतील तेव्हा मध्यक छापा, दरघर की दरडोई ते ठळक लिहा, आणि दरडोई जिल्हा उत्पन्नाच्या शेजारी ते मांडू नका. तूर्त त्या तक्त्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी आली तर बरे होईल.

– एक निवृत्त सांख्यिकी अन्वेषक, सातारा
(सध्या मुक्काम ॲशबर्न, व्हर्जिनिया)

ता. क. माझे पेन्शन डॉलरमध्ये करून लिहिले. लाउडनचा मध्यक त्याने हलणार नाही, काळजी नसावी.