मोफत शाळेचे रिचार्ज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात शेजारच्या तिसरीतल्या मुलीची आई संध्याकाळी माझ्याकडे आली आणि संकोचून म्हणाली, “गुरुजी, हिचा गृहपाठ तुमच्या मोबाइलवर मागवून घेता का? ह्यांचा फोन ह्यांच्याबरोबर भोसरीला गेलाय आणि माझ्यातलं रिचार्ज संपलंय.” मी वर्गशिक्षकांना निरोप पाठवला, गृहपाठ आला. तो होता पाठ्यपुस्तकाच्या एका पानाचा फोटो. ते पुस्तक मुलीच्या दप्तरातच होते.

एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून मी निवृत्त झालो. ‘मोफत शिक्षण’ या शब्दांतला ‘मोफत’ किती खरा, हे पालकांच्या बाजूने पाहण्याची वेळ माझ्यावर आता येत आहे. पाठ्यपुस्तके मिळतात, गणवेश मिळतो, दुपारी खिचडी मिळते. हे सारे मोलाचे आहे आणि त्यासाठी पूर्वीच्या पिढ्यांनी बरेच भांडण केले आहे. पण करोनाच्या काळात नाइलाज म्हणून शाळेत शिरलेला पालकांचा फोन शाळा उघडल्यावर बाहेर गेलाच नाही. गृहपाठ, सुट्टीची सूचना, कागदपत्रांची मागणी, ‘अपार’ म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमस्वरूपी ओळख क्रमांकासाठीचे संमतीपत्र, सारे काही वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येते, आणि ज्याच्या फोनमध्ये इंटरनेट नाही त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

या खर्चाचा हिशेब कोणी मांडताना दिसत नाही, म्हणून मी तो एका पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिला. जुलै २०२४ मध्ये खासगी दूरसंचार कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा २३९ रुपयांचा प्लॅन २९९ रुपयांवर गेला. त्याची मुदत महिन्याची नव्हे, अठ्ठावीस दिवसांची. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज, एकूण ३,८८७ रुपये. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. दुर्बल घटकांतील मुलींनी शाळेत नियमित यावे म्हणून महाराष्ट्राने १९९२ साली पहिली ते चौथीतील मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. तो रोजचा एक रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. मी नोकरीत असताना त्याच्या याद्या दरवर्षी केल्या आणि दरवर्षी तो रुपया रुपयाच राहिला. एखादी मुलगी वर्षभर एकही दिवस न चुकता शाळेत आली, तरी तिच्या भत्त्यात अठ्ठावीस दिवसांचे एक रिचार्जही बसत नाही.

फोनच्या किमतीचेही तसेच. मोबाइलवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला तो १ एप्रिल २०२० पासून, नेमक्या ज्या वर्षी शाळा फोनवर गेली त्या वर्षी. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि नकाशे करमुक्त झाले, याचा मला शिक्षक म्हणून मनापासून आनंद झाला. परंतु मोबाइल १८ टक्क्यांवरच राहिला आणि त्याच दिवशी वातानुकूलन यंत्रही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. शाळेसाठी फोन आवश्यक असेल तर तो वहीच्या रांगेत बसायला हवा, आणि चैनीची वस्तू असेल तर तिसरीच्या मुलीकडे तो मागण्याचा शाळेला अधिकार नाही.

यात शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि मला ते मान्य नाही. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा हजारोंच्या संख्येने आहेत. तिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात. त्यातला एक शालेय पोषण आहाराची रोजची नोंद अॅपवर चढवतो, दुसरा मुलांचे आधार ‘वैध’ होईना म्हणून पोर्टलशी झटत बसतो, कारण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची पदे मंजूर होतात तेव्हा, शिक्षकाचे पद टिकणे त्यावर अवलंबून असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. माहिती भरण्याचे हे काम कोणत्या सदरात बसते, हे एकदा शासनाने सांगावे. शिवाय ही नोंद शिक्षक स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर करतात. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते, आणि त्यातच खडूपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळे भागवायचे असते.

मी तंत्रज्ञानाचा वैरी नाही. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड वर्गात उघडून अपूर्णांकांची चित्रफीत दाखवली, तेव्हा फळ्यावर तीन दिवस न उमगलेले काही मुलांना दहा मिनिटांत उमगलेले मी पाहिले आहे. मात्र तो फोन वर्गात होता आणि सगळ्या मुलांचा होता. तोच घरी मागितला की ज्याच्या घरी नाही तो मागे पडतो.

हा विषय राजकारण्यांपर्यंत पोहोचत का नाही? पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला आणि लोक उठल्यामुळे २९ जूनला सरकारला माघार घ्यावी लागली, म्हणजे शाळेच्या प्रश्नावर दबाव चालतो. परंतु रिचार्जसाठी मोर्चा निघत नाही. एरवी असे गाऱ्हाणे जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत मांडता आले असते. पण मार्च २०२२ नंतर दीर्घकाळ बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, त्यामुळे गावाने विचारावे असा निवडून आलेला सदस्यच नव्हता.

माझी मागणी लहान आहे. चौथीपर्यंतचा गृहपाठ वहीत लिहून द्यावा, शाळेची कोणतीही सूचना फळ्यावर आणि कागदावरही असावी, आणि शाळेच्या इंटरनेटचा खर्च संयुक्त अनुदानाला हात न लावता वेगळा मिळावा. पहिल्या दोन गोष्टींना शासन निर्णयाचीही गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांनी ठराव केला तरी पुरे. आमच्या समितीच्या अध्यक्षांनी पुढच्या सभेत हा विषय घेण्याचे कबूल केले आहे. सभेची सूचना मात्र व्हॉट्सॲपवरच येणार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
पाटण, जि. सातारा