नांगर काढला म्हणून रुसलीस होय गो?

बाय,

काल फोनवर निम्मं तू रडत होतीस आणि निम्मं रेंज खात होती, त्यामुळे मला कळलं ते एवढंच की तुमच्या टीमने लघुग्रहावर उतरायच्या रोबोवरचा नांगर काढून टाकला, तो नांगर तू डिझाईन केलेला आणि आता तुला टीमच नको झालीय. इथे 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी, होडी वर ओढून शाकारलीय, तिच्या सावलीत बसून जाळं सांधण्याखेरीज काम नाय, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. मोबाईलवर टाईप करतोय, काना-मात्रा तूच बघून घे.

रात्री तुझ्या भावाला बसवून सगळं समजून घेतलं. लघुग्रहावर उतरायचं आणि तिथे खाली ओढच नाय म्हटलीस तरी चालेल, जोरात उडी मारली तर माणूस परत खाली यायचाच नाय. मग त्याने ते फिले नावाच्या यानाचं वाचून दाखवलं. युरोपवाल्यांनी 2004 साली सोडलं, दहा वर्षं प्रवास आणि 12 नोव्हेंबर 2014 ला धूमकेतूवर उतरवलं. 100 किलोचं यंत्र, पण तिथे त्याचा भार कागदाच्या कपट्याएवढा. रुतून बसायला हार्पून, म्हणजे दोर लावलेले भाले, दिलेले, ते सुटलेच नाहीत. वरून दाबून धरायला गॅसचा झोत होता, तोही बंद. सिग्नल यायला 28 मिनिटं लागत होती, म्हणजे इथे लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा ते तिकडे टेकून परत वर उडालेलं! जवळजवळ दोन तास तरंगून शेवटी पडलं कुठे, तर कड्याच्या सावलीत. सोलरला ऊन पुरेना, अडीच दिवसांत बॅटरी संपली. तेवढ्यात त्याने बरंच काम उरकलं म्हणा, पण ऐकताना माझ्या पोटात गोळा आला.

कारण मला ती रात्र आठवली. तू चौथीत होतीस. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला होडी उभी केलेली, नांगर नवाकोरा, दुकानदाराने छातीठोक सांगून दिलेला. पहाटे तीनला वारा फिरला. उठून दोरावर हात ठेवला. नांगराने धरलेलं असलं ना की दोर ताणून गप्प असतो, आणि घसरत असला की हाताला गुरगुर लागते, फरशीवरून लोखंड ओढावं तशी. ती लागली आणि झोपच उडाली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं तेव्हा खडक वीसेक हातांवर होता. हे तुझ्या आईला आजवर सांगितलेलं नाय, तूही बोलू नकोस. उजाडल्यावर नांगर वर घेतला तर दातांत चिखलाचा ठिपूस नाय, नुसते चकाकणारे ओरखडे. खाली कातळ होता! चार दिवस मी त्या दुकानदाराला शिव्या घातल्या, पण नांगरात खोट नव्हती, तळ कसला आहे ते मीच बघितलं नव्हतं. तुझे आजोबा दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडायचे, त्याच्या बुडाला खळगा, खळग्यात चरबी, वर आला की चरबीला चिकटलेलं बोटावर घेऊन बघायचे. रेती, चिखल, शिंपल्यांचा चुरा. काही चिकटलं नाय तर कातळ, चला पुढे.

आता हे तुला आवडणार नाय. तुमच्या लघुग्रहाचा तळ कसला आहे? भाऊ म्हणाला, 2020 मध्ये अमेरिकेचं यान बेन्नू नावाच्या लघुग्रहावर नुसतं टेकायला गेलं तर त्याचा हात अर्धा मीटर आत घुसला, सगळी सुटी खडी. उलटे झोत मारून निघालं म्हणून, नाहीतर आणखी आत गेलं असतं. तसला तळ असेल तर तुझा हार्पूनचा नांगर म्हणजे भाताच्या राशीत भाला मारल्यासारखं, घुसेल छान, धरेल काय? आणि जपानवाले दुसऱ्या एका लघुग्रहावर, र्‍युगूवर नांगर टाकायच्या फंदातच पडले नाहीत, टेकले, माती घेतली, लगेच वर. तेव्हा रोबोच्या 40 किलोतले तीन किलो वाचवायला ज्याने नांगर काढला तो अगदीच बावळट नसावा. मीही बर्फ जास्त घ्यायचा म्हणून डिझेलचा एक कॅन किनाऱ्यावर ठेवतो, त्यावर खलाशी कुरकुरतातच.

पण तुमचा ड्रिल अजून रोबोवरच आहे ना? मग ड्रिल खाली दाबला की रोबो वर उचलला जाणार, त्याला धरणार कोण? मला तरी याचं उत्तर सुचलं नाय, भावालाही नाय. मीटिंगमध्ये रडत बसण्यापेक्षा हे विचार, आकडे काढून घेऊन जा, आणि त्यांच्याकडे उत्तर असेल तर नांगर गेला म्हणायचं आणि ड्रिल करणाऱ्या पोराबरोबर कामाला लागायचं. टीम सोडायचं मात्र डोक्यातून काढ, मध्येच होडीतून उतरणारा खलाशी पुढच्या वेळी कोण घेणार गो?

आईने सोडे आणि आगळाची बाटली बांधून ठेवलीय, मामा रविवारच्या एसटीने पुण्याला येतोय त्याच्याकडून घे. सोडे हॉस्टेलवर तळू नकोस, गेल्या खेपेला वॉर्डनचा फोन मला आलेला. आणि माळ्यावर आजोबांचा तो शिशाचा गोळा सापडला, खळग्यात अजून जुनी चरबी आहे, काळी पडलेली. पार्सलमध्ये टाकू का? दीड-दोन किलो भरेल, मामा बोंबलेल, पण ते मी बघतो.

तुझे बाबा