सत्तरीनंतरचं मसाई मारा: नैरोबीच्या ताईंना अनावृत पत्र

सप्रेम नमस्कार ताई,

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याची आमची सफारी तुम्ही ज्या मायेने आखून दिलीत, ते फोनवर "थँक्यू" म्हणून भागेल असं काम नव्हतं. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे, म्हणजे आमच्या वयाच्या ज्यांच्या मनात आफ्रिका आहे त्यांनाही कळेल, की मदत कशी असते.

सत्तरीच्या माणसाने "जंगल बघायला केनियाला जायचंय" म्हटलं, की इथले काही टूरवाले सिंगापूरचं माहितीपत्रक पुढे करतात. काही जण उलट सहा रात्रींत अंबोसेली, नाकुरू, नैवाशा आणि मारा अशी केनियातली दूरदूरची ठिकाणं सगळी रस्त्याने उरकून दाखवतात. अंबोसेलीहून नाकुरूला जाण्यात अख्खा दिवस गाडीत जातो, हे कोणी सांगत नाही. आमचे गुडघे, आमच्या गोळ्या, लघवीला किती वेळाने जावं लागतं, याबद्दल एकानेही विचारलं नाही. आगाऊ रक्कम कधी भरता, हे मात्र पहिल्या पाच मिनिटांत विचारलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही पहिल्याच फोनला विचारलंत, "घरात टेप आहे का?" कठड्याला हात न लावता किती उंचीची पायरी चढता येते आणि उतरता येते, ते वेगवेगळं मोजायला सांगितलंत. घरातल्या जिन्याची पायरी साधारण सतरा सेंटीमीटरची असते, तेवढं जमत होतं. दोन दिवसांनी तुमचा फोटो आला. सफारीच्या लँड क्रूझर गाडीच्या दाराखाली मातीत उकिडवं बसून कुणीतरी पिवळी टेप धरलेली, आणि बावन्नच्या रेघेवर अंगठा. जमीन ते पायदान बावन्न सेंटीमीटर, म्हणजे घरातल्या तीन पायऱ्या एका दमात. त्याखालीच दुसरा फोटो: दोन पायऱ्यांचा लाकडी ठोकळा, वर पाय घसरू नये म्हणून जुन्या टायरची पट्टी ठोकलेली, आणि गाडीत बसल्याबसल्या वर ओढून घेता यावा म्हणून दोरीची मूठ. सोबत एकच ओळ, "आता जमेल."

ताई, तो फोटो बघून डोळे भरून आले. सफारीत म्हातारी माणसं पडायची भीती असते ती गाडीतून उतरताना. चार तास बसून गुडघे आखडलेले असतात, खाली जमीन उंचसखल असते, आणि ड्रायव्हर मदत म्हणून काखेत हात घालून ओढतो, त्यात खांदा दुखावतो. ही अडचण साध्या ठोकळ्याने सुटते. तो करून घ्यावा असं वाटणारं माणूस मात्र सहज भेटत नाही.

बाकी जे केलंत तेही लिहिते, कारण हे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. नैरोबी ते मारा रस्त्याने पाच-सहा तास लागतात. तुम्ही विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने पाठवलंत, पाऊण-एक तासात धावपट्टीवर. त्या विमानात हातातल्या पिशवीसकट पंधरा किलोच सामान चालतं आणि बॅग मऊ लागते, कारण पोटातल्या कप्प्यात कडक सूटकेस मावत नाही. मोठ्या बॅगा नैरोबीत ठेवायची सोयही तुम्हीच केलीत. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा गोळ्या आणि खाऊ कापडी पिशव्यांत भरा, हे निघण्याआधीच सांगितलंत. ठिकाणं चार करण्यापेक्षा एकाच कॅम्पवर मुक्काम वाढवा, हा तुमचा आग्रह तर शंभर टक्के बरोबर होता. रोज बॅग भरणं आणि रोज नवी न्हाणी समजून घेणं, यानेच या वयात माणूस थकतं.

गाडीत मधली रांग आमच्यासाठी धरलीत. शेवटची रांग मागच्या चाकांच्या वर येते, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात बसतो, आणि हाडं ठिसूळ असतील तर मणक्याला चीर जायची भीती असते. कमरेमागे छोटी उशी घ्या, गाडी चालू असताना उघड्या छतातून उभं राहू नका, दुर्बीण दहा पटीची न घेता आठ बाय बत्तीसची आणा, हे सगळं तुमचंच. हात थरथरत असेल तर दहा पटीत चित्ता नुसता नाचताना दिसतो. आठ पटीत त्याच्या डोळ्यांखालची काळी रेघसुद्धा स्पष्ट दिसली.

पाण्याबद्दल तुम्ही जे बोललात ते कोणी मोकळेपणी बोलत नाही. लघवीच्या भीतीने बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, ऊन कडक, हवा कोरडी. मग दुपारी उठून उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, पायात गोळे येतात. "पाणी पिऊन थांबा मागायचा, लाजायचं नाही," असं म्हणून तुम्ही ड्रायव्हरला दर दोन तासांनी सुरक्षित जागी थांबायला बजावलंत. लघवी वाढवणारी 'पाण्याची गोळी' सकाळऐवजी फेरीहून परतल्यावर घेतली तर चालेल का, हे आपापल्या डॉक्टरांना विचारून घ्यायला लावलंत. नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्ट हरणांचे कळप बघण्यासाठी जुलै ते ऑक्टोबरमध्ये गर्दीत तासन् तास गाडी अडकून पडते, तिथे खाली उतरता येत नाही. त्यापेक्षा फेब्रुवारीत या, सिंह आणि हत्ती वर्षभर असतातच, हा सल्ला ऐकल्याचं समाधान आहे.

यलो फीव्हरच्या लसीबद्दल तर तुम्ही नसतात तर घोळच झाला असता. एका एजंटने "टोचून घ्या, फॉर्मॅलिटी आहे" असं सांगितलं होतं. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाचा धोका वाढतो, थायमस ग्रंथीचा आजार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर ती देत नाहीत. उलट लस घेतल्याचं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात, आणि डॉक्टरांचं सूटपत्र असलं तरी ते टळेलच असं नाही. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी डॉक्टर, आणि लस घ्यायची ठरली तर निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, हा क्रम तुम्ही लावून दिलात. मलेरियाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट घेऊन जायला सांगितलंत, कारण मूत्रपिंड फार अधू असेल तर आटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही मलेरिया टाळायची गोळी चालत नाही, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीवर, लक्ष ठेवावं लागतं.

तंबू जेवणघराच्या सर्वांत जवळचा मागितलात. कुंपण नसलेल्या कॅम्पवर अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि दोनशे मीटर खडीवरून बॅटरीच्या उजेडात चालणं सोपं नाही. न्हाणीला उंबरठा आहे का, हेसुद्धा तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत.

माणसाला त्याच्या अडचणी विचारणं, आणि विचारताना त्याला ओझं वाटू न देणं, हा सभ्यपणा आता दुर्मीळ होत चाललाय. तो तुमच्याकडे आहे. तुमच्या ड्रायव्हरदादांकडेही आहे, त्यांना आमचा नमस्कार सांगा. प्रत्येक थांब्यावर आधी स्वतः उतरून ठोकळा हलतो का, हे ते पायाने दाबून बघायचे, मगच दार उघडायचे.

आमच्या ओळखीचं एक जोडपं पुढच्या फेब्रुवारीत यायचं म्हणतंय. काकांना झोपेत श्वास नीट चालावा म्हणून सीपॅप मशीन लागतं, काकूंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. कॅम्पचा जनरेटर रात्री किती वाजता बंद होतो आणि मशीनला बॅटरी लागेल का, हे त्यांना आधी कळायला हवं. त्यांना तुमचा नंबर दिला आहे. रविवारी सकाळी, तुमच्याकडे साडेसात वाजता, त्यांचा फोन येईल.

तुमची,
पुण्याची एक काकू