बंधाऱ्याचे बरगे निघाले की मोजणी : पंचगंगा घाटासाठी मदतीचे आवाहन

समस्त कोल्हापूरकरांना सप्रेम नमस्कार.

आम्ही पंचगंगा घाटावर रोज पहाटे पोहायला येणारी मंडळी. शुक्रवार पेठ, गंगावेश आणि आसपासच्या तालमींची पोरंही आमच्यातच धरा. घाटाची पायरीन् पायरी मोजून नकाशा करायला मदत हवी आहे. ती मागण्याआधी एक कबूल करून टाकतो : गेलं वर्षभर आमच्यात भांडण चाललंय. घाटाचं सुशोभीकरण व्हावं की नाही, यावरून.

पोरांना नौकाविहार हवा. तरंगती जेट्टी, दिवे, बसायला बाकडी, वर चार खाऊच्या गाड्या. रंकाळ्यावरची गर्दी थोडी इकडे वळली तर नावेवर चार घरं जगतील, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. जुन्या मंडळींपुढे मात्र जेट्टीचं नाव काढायची सोय नाही. त्यांचा सवाल एकच : जुलैत ती बांधणार कुठं? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. गायकवाड वाड्यापर्यंत पाणी आलं की गंगावेशीत सामान माळ्यावर चढायला लागतं. त्या पाण्यासोबत केंदाळ येतं, ओंडके येतात, आणि जे घट्ट रोवलंय त्यालाच ते अडकतात.

आमचं मत विचाराल तर नाव चालेल, काँक्रीट नको. पण आजचं आवाहन या मतासाठी नाही. भांडता भांडता लक्षात आलं, की ज्या घाटावरून आम्ही एकमेकांचे गळे धरतोय, त्याचा पायरीन् पायरी मोजलेला नकाशा आमच्यापैकी एकानंही पाहिलेला नाही. पायऱ्या किती, दीपमाळा किती, कुठल्या देवळाचा चौथरा किती कलला, सगळं अंदाजपंचे. आमच्यातले एक काका म्हणाले, "उद्या एक पायरी गायब झाली तर वर्दी तरी काय देणार?" त्यावर दोन्ही बाजू गप्प झाल्या.

एक उदाहरण देतो. देवळांच्या खालच्या अंगाला एका ठिकाणी सलग तीन दगड पुढं सरकलेत. बोट घातलं तर पहिलं पेर आत जातं. कुणीतरी कधीतरी सांधे सिमेंटनं लिंपलेत, वरून दिसायला चकाचक. पण पुराचं पाणी पायरीमागच्या मातीत मुरतं आणि नदी उतरताना ते बाहेर यायला बघतं. चुन्याच्या सांध्यातून ते पाझरतं, सिमेंटमागं मात्र तुंबतं आणि दगडालाच ढकलतं. दुरुस्तीनंच मोडलेली पायरी आहे ती. असे सांधे किती, ते मोजल्याशिवाय कुठलाही आराखडा आणा, चांगल्या दगडावर चकचकीत फरशी बसवण्यापलीकडं काही होणार नाही.

परवानगीचे कागद हाताशी नसले की काय होतं, ते आपण एकदा भोगलंय. घाटाला लागून ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ ला तिथं उत्खनन झालं. याच टेकडीतून निघालेला पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये उभा आहे. (बंदर नसलेल्या गावात समुद्रदेव. नौकाविहारवाले हा मुद्दा दर बैठकीत काढतात.) जागा संरक्षित आहे. अशा जागेपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढं २०० मीटर परवानगीची अट असते. शिवाजी पुलाशेजारचा पर्यायी पूल याच कारणानं वर्षानुवर्षं अर्धवट उभा होता. जेट्टी असो वा नुसती डागडुजी, आधी नेमक्या मोजमापाचा नकाशा लागणारच.

आता घाई कशासाठी? खालच्या पायऱ्या एरवी बंधाऱ्याच्या फुगीखाली असतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की पाणी झरझर उतरतं आणि पहिला मोठा पाऊस लागेपर्यंत त्या उघड्या पडतात. कधी दहा दिवस, कधी चारच. तेवढ्यात गाळ काढायचा, दगड धुवायचे, मोजायचे, फोटो काढायचे. हुकलं की वर्ष गेलं.

अंदाजे खर्च १ लाख ६० हजार रुपये. मोजणीच्या यंत्राचं भाडं, गाळ काढणाऱ्यांची मजुरी, दगडकामातल्या जाणत्या पाथरवटांचा रोज आणि नकाशांची छपाई. आर्किटेक्चर आणि सिव्हिलची पोरं फुकट राबायला तयार आहेत, त्यांच्या चहा-नाष्ट्याचं तेवढं बघायचंय. नकाशाच्या प्रती महापालिकेला, पुरातत्त्व खात्याला आणि मागेल त्या कोल्हापूरकराला देऊ. नौकाविहाराच्या बाजूचे असा की विरोधातले, नकाशा एकच.

पैसे जमणार नसतील तर घरातले जुने फोटो द्या. कार्तिकी पौर्णिमेच्या दीपोत्सवाचे, गणपती विसर्जनाचे, म्हशी धुतानाचे, कसलेही. पोज देणाऱ्या मामांच्या मागं दिसणारी पायरीच आम्हाला हवी आहे. फोटो समोरच स्कॅन करून लगेच परत देऊ. घरात कुणी चुन्याची घाणी चालवलेलं असेल तर त्यांना दोन तास घेऊन या, रिक्षाचं भाडं आमच्याकडे.

दर रविवारी सकाळी ७ ते ९ घाटावरच्या पाराजवळ पावतीपुस्तक घेऊन बसतो. शंभर रुपयांचीही पावती मिळेल, आणि हिशेब तिथंच फळ्यावर दर आठवड्याला लिहू. गाळ काढायला येणाऱ्यांनी खोरं-पाटी असेल तर आणावी. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला वरच काढून या.

आपली,
घाटावरची मंडळी