सेवाव्रतींच्या जीपभाड्याचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या कामाची कालच्या अंकात अर्धे पान दखल घेतल्याबद्दल आपले आभार मानणे शिष्टाचाराला धरून आहे, म्हणून ते प्रथम मानतो. त्या लेखात ‘निःस्वार्थ’ हा शब्द सात वेळा आला आहे. ‘पगार’ एकदाही नाही.

मी नऊ वर्षे धडगावच्या डोंगरपट्ट्यात एका आरोग्य संस्थेसाठी क्षयरुग्णांच्या पाठपुराव्याचे काम करतो. नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची असते. दोन नेमणुकांच्या मधल्या काळात मी कागदोपत्री बेकार असतो, पण औषधे पोचवीतच असतो, कारण ती रुग्णाला रोज घ्यावी लागतात. आपल्या प्रतिनिधींना यातच बहुधा निःस्वार्थ दिसला असावा.

गेल्या पावसाळ्यात पाच जणांच्या बेडक्याचे नमुने आइस पॅकच्या डब्यात घालून, तो मांडीवर धरून मी काळी-पिवळीने तालुक्याला निघालो. डब्यात काय आहे हे कळताच शेजारचा प्रवासी उठून मागे गेला आणि जीपवाल्याने त्या रिकाम्या जागेचे चाळीस रुपयेही माझ्याकडूनच घेतले. पुण्याच्या लेखा विभागाने माझ्या खर्चपत्रकावर शेरा मारला : ‘एका व्यक्तीची दोन भाडी कशी? पावती जोडावी.’ मी सविस्तर खुलासा लिहिला, जीपवाल्याकडून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर सही आणली. त्यावर दुसरा शेरा आला, की वाहनधारकाचा जीएसटी क्रमांक कळवावा. अखेर दोन्ही भाडी बाद झाली, म्हणजे मी स्वतः ज्या जागेवर बसलो होतो तिचेसुद्धा.

वरिष्ठ सांगतात की, २०२० मध्ये परदेशी निधीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, तेव्हापासून त्यांचे हात बांधले गेले आहेत. असतीलही. परंतु पाड्यावरचा बेडका तपासणीच्या यंत्रापर्यंत नेणे हा प्रशासकीय खर्च कसा, हे मला अद्याप कोणी समजावून दिलेले नाही. देणगीदार पाहणीला येतात तेव्हा नंदुरबार स्टेशनापासून वातानुकूलित गाडी ठरते. तिची पावती मात्र छापील असते. रुग्णांना पोषणासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, आणि ते योग्यच झाले. माझा प्रवासभत्ता नऊ वर्षांपूर्वी होता तेवढाच आहे.

आणखी एक. लेखासोबत औषधाची पाकिटे हातात धरलेल्या मुलीचे छायाचित्र गावाच्या नावासह छापले आहे. तिच्या घरी सध्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. तिचे सहा महिन्यांचे औषध पुढच्या आठवड्यात पूर्ण होत आहे. हे सोयऱ्यांना सांगायला आता मलाच जावे लागेल, अर्थात पावतीविना. ते छायाचित्र निदान आपल्या ऑनलाइन आवृत्तीतून तरी आजच काढावे, ही विनंती.

आपला,
एक क्षेत्र कार्यकर्ता, धडगाव

(माझे नाव कृपया छापू नये. नेमणुकीचे नूतनीकरण याच महिन्यात आहे.)