ऐंशी टक्के कशाचे?

महोदय,
अ‍ॅप टॅक्सीचालकांच्या वाट्याविषयीची आपली बातमी वाचली. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळायला हवा, हे चांगलेच आहे. पण त्याच सूचना कंपनीला राज्याने ठरवलेल्या मूळ भाड्याच्या निम्म्यापर्यंत उतरण्याची मुभा देतात. मूळ भाडे १०० रुपये असताना मंद वेळेत ५० आकारले, तर चालकाच्या हाती ४० पडतात आणि नियम कुठेही मोडत नाही! सीएनजी, कर्जाचा हप्ता, विमा, टायर हे सारे त्यातूनच. आमच्या इंदुरात राजवाड्याजवळची गाडी विजयनगरच्या प्रवाशासाठी रिकामी धावते, त्याची भरपाई म्हणून मूळ भाडे किमान ३ किलोमीटरचे धरले आहे. भाडे निम्मे झाले की ही भरपाईही निम्मी होते. मूळ भाडे ठरवण्याचा अधिकार राज्याचा आहे. मध्य प्रदेश शासनाने चालकाचा ८० टक्के वाटा किमान मूळ भाड्यावर तरी मोजायला लावावा. प्रवाशाला सवलत जरूर मिळावी, पण ती कंपनीने स्वतःच्या २० टक्क्यांतून द्यावी.

– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर