‘अपोरिया’ म्हणजे गोंधळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील सॉक्रेटिसवरचा लेख आवडला. मात्र त्यात ‘अपोरिया’ या ग्रीक शब्दासाठी सरसकट ‘गोंधळ’ हा शब्द योजला आहे, तो खटकला. ‘पोरॉस’ म्हणजे नदीचा उतार, पलीकडे जाण्याची वाट, आणि त्यावरून साधन किंवा उपाय; आपला ‘पार’ही याच प्राचीन धातुकुळातला. ती वाट नसणे म्हणजे अपोरिया.

हा अर्थ ग्रीक लेखक झेनोफनच्या ‘अनाबासिस’मध्ये, म्हणजे इराणी साम्राज्यात खोलवर गेलेल्या ग्रीक भाडोत्री सैन्याच्या वृत्तांतात, अगदी उघडा दिसतो. इ. स. पू. ४०१ मध्ये इराणी क्षत्रप (प्रांताधिकारी) तिसाफर्नेसने दगा देऊन ग्रीक सेनापतींना पकडले, तेव्हा मागे उरलेले सैन्य मोठ्या अपोरियात सापडले, असे तो लिहितो आणि लगेच कारणेही देतो: मायदेश दहा हजार स्टेडियांहून (स्टेडिया हे ग्रीक अंतरमाप) दूर, वाटाड्या नाही, धान्य विकत मिळण्याची सोय नाही आणि परतीच्या वाटेवर पार करता न येणाऱ्या नद्या आडव्या. त्या रात्री फार थोड्यांनी अन्नाला हात लावला, फार थोड्यांनी शेकोटी पेटवली. आपण कुठे आहोत आणि काय गमावले आहे, हे या माणसांना नको तितके स्पष्ट कळत होते. त्याला गोंधळ कसे म्हणावे?

टंचाई, दारिद्र्य या अर्थानेही हा शब्द येतो. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात पेनिया, म्हणजे साक्षात गरिबी, स्वतःच्या अपोरियामुळेच पोरॉसपासून, म्हणजे साक्षात साधनसंपन्नतेपासून, मूल व्हावे असा बेत करते आणि त्यातून प्रेमदेव इरॉस जन्मतो. (‘अपोरिया’ आणि ‘पोरॉस’ यांवरची ही कोटी भाषांतरात हमखास हरवते.)

लेखात उल्लेखलेला, प्लेटोच्याच ‘मेनो’ या संवादातला, सॉक्रेटिस ज्याला भूमितीचे प्रश्न विचारतो तो गुलाम मुलगाही याच दृष्टीने पाहावा. दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तर तो बाजू आधी चार फूट सांगतो, मग तीन. उत्तर हवे आठ चौरस फूट; येते सोळा आणि नऊ. शेवटी तो ‘मला माहीत नाही’ म्हणतो, आणि सॉक्रेटिसच्या मते त्याची स्थिती आता आधीपेक्षा बरी आहे, कारण वाट अडल्याचे कळल्यावरच तो आनंदाने शोधू लागेल. खरे तर गोंधळ होता तो चार फूट असे ठामपणे सांगताना.

खळबळ, गडबड यांसाठी ग्रीकांकडे ‘ताराखे’ हा वेगळा शब्द होताच. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरसची ‘अताराक्सिया’, म्हणजे चित्ताची अक्षुब्धता, त्यावरूनच आली. म्हणून लेखमालेच्या पुढील भागांत अपोरियासाठी संदर्भानुसार ‘पेच’, ‘कोंडी’ किंवा ‘निरुपाय’ वापरावा, अथवा मूळ शब्दच ठेवून एकदा त्याचा अर्थ द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे